लायगो-इंडिया : आरशांवरील बहुस्तर लेप

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा येथे नियोजित असलेल्या गुरुत्वीय तरंग वेधशाळेतील सर्वांत निर्णायक प्रकाशीय घटक. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन निर्वात भुजांमध्ये लेसर किरणांचा मार्ग या लेपांमुळेच नियंत्रित होतो.

कार्यतत्त्व : गुरुत्वीय तरंगामुळे एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी असतो व परतलेल्या किरणांच्या व्यतिकरणातून ओळखला जातो. त्यासाठी प्रत्येक भुजेतील दोन आरशांमध्ये प्रकाश सु. ३०० वेळा ये-जा करतो.

लेपाची रचना : आरसे अतिशुद्ध सिलिका काचेचे, व्यास ३४ सेंमी., जाडी २० सेंमी., वजन ४० किग्रॅ. धातूचा मुलामा प्रकाश शोषून तापतो. म्हणून सिलिका आणि टायटानियामिश्रित टँटलम पेंटॉक्साइड यांचे थर आलटूनपालटून चढवतात. थराची प्रकाशीय जाडी ढोबळमानाने तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते. येथील लेसरची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर असल्याने सिलिकाचा असा थर सु. १८३ नॅनोमीटरचा होतो. थरांच्या सीमांवरून परतणारे तरंग समान कलेत एकत्र येतात आणि प्रकाशाची पुढची वाट बंद होते. थरांची संख्या बदलून पारगमन ठरवता येते : दूरचा आरसा दशलक्षांत काही अंशच प्रकाश पार जाऊ देतो, जवळचा सु. १.४ टक्के.

अशा थररचनेचा अभ्यास लॉर्ड रॅली यांनी १८८७ मध्ये केला. एली याब्लोनोविच व सजीव जॉन यांनी १९८७ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या फोटॉनिक स्फटिकांच्या कल्पनेत ती एकमितीय प्रकार म्हणून बसते. मात्र ही संज्ञा द्विमितीय व त्रिमितीय रचनांपुरतीच राखावी, असेही मत आहे.

मर्यादा : सु. १०० हर्ट्‌झच्या आसपास लेपातील औष्णिक कंप वेधशाळेची संवेदनक्षमता रोखतात. टायटानियाच्या मिश्रणाने ते घटतात. गॅलियम आर्सेनाइड व ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांच्या स्फटिकी लेपांवर संशोधन चालू आहे. उत्तम परावर्तन आता साधले आहे; लेप निष्कंप ठेवणे हीच या क्षेत्रातील खरी कसोटी होय.

प्रकल्प : तत्त्वतः मंजुरी १७ फेब्रुवारी २०१६, अमेरिकेशी सामंजस्य करार ३१ मार्च २०१६, सु. २,६०० कोटी रुपयांस केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ६ एप्रिल २०२३. सहभागी संस्था : आयुका (पुणे), राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र (इंदूर), प्लाझ्मा संशोधन संस्था (गांधीनगर) व अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय (मुंबई).

स्थळ : सपाट, कमी भूकंपनांचा प्रदेश.