केंट स्टेट गोळीबाराचे वृत्तांकन

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्डच्या जवानांनी केलेल्या गोळीबाराची वृत्तमाध्यमांनी केलेली मांडणी. विद्यार्थी आंदोलनाच्या बातमीत भीती, राग की शोक पुढे आणला जातो, यावर वाचकाची सहानुभूती कशी ठरते, हे या घटनेत स्पष्ट दिसते.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ३० एप्रिलला कंबोडियातील लष्करी कारवाई जाहीर केल्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्धची निदर्शने पेटली. २ मे रोजी विद्यापीठातील लष्करी प्रशिक्षणाची इमारत जळाली, आणि गोळीबारापूर्वीच बातम्यांचा सूर भीतीचा झाला. राज्यपाल जेम्स ऱ्होड्स यांनी पत्रकार परिषदेत निदर्शकांची तुलना नाझींच्या तपकिरी गणवेशातील टोळ्यांशी केली. तीही बातमी झाली. ४ मे रोजी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या गेल्या. चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी झाले. मृतांपैकी दोघे निदर्शनात नव्हतेच. तरीही एका स्थानिक दैनिकाने त्या दिवशी दोन जवानही मरण पावल्याचे चुकीचे छापले.

शोकाची बाजू एका छायाचित्राने उभी केली. छायाचित्रणाचा विद्यार्थी जॉन फायलो याने टिपलेल्या या चित्रात पालथ्या पडलेल्या मृत विद्यार्थ्याशेजारी एक मुलगी गुडघे टेकून, हात पसरून आक्रोश करते आहे. तिच्या मागचा कुंपणाचा खांब नेमका तिच्या डोक्यातून वर आल्यासारखा दिसतो. पुढे काही ठिकाणी तो पुसून चित्र छापले गेले. फायलोला १९७१ चे पुलित्झर मिळाले. मुलगी मात्र विद्यार्थिनी नव्हती, घरातून पळून आलेली १४ वर्षांची होती. हे कळताच तिच्या कुटुंबाला शिव्याशापांची पत्रे येऊ लागली. करुणा किती चटकन आटते, याचा हा नमुनाच. गॅलप संस्थेने ‘न्यूजवीक’साठी केलेल्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी विद्यार्थ्यांना, तर जेमतेम ११ टक्के लोकांनी गार्डला दोषी ठरवले.

समाजशास्त्रज्ञ टॉड गिटलिन यांनी १९८० च्या ग्रंथात केंट स्टेटच्या आधीच्या युद्धविरोधी विद्यार्थी चळवळीचे वृत्तांकन तपासले. आंदोलकांना क्षुल्लक ठरवणे आणि त्यांच्यातील दुही फुगवणे, या सवयी त्यांनी तिथे दाखवल्या.

१५ मे रोजी, मध्यरात्रीनंतर लगेचच, मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांनी विद्यार्थिनींच्या वसतिगृहावर गोळ्यांचा वर्षाव केला. दोघे ठार, बारा जखमी झाले. त्या घटनेला राष्ट्रीय माध्यमांत फार कमी जागा मिळाली. केंट स्टेटच्या चित्राइतके घरोघरी पोहोचलेले एकही चित्र तिच्या वाट्याला आले नाही.