छेद लहान की मोठा? गुदाशयाच्या कर्करोगाची शल्यकथा

१/ लंडन, १९०८. अर्नेस्ट माइल्स यांनी पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी गाठ काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. रुग्ण वाचला, तरी पोटावरील कृत्रिम मलमार्ग जन्मभर सोबत राही.

२/ १९८२ मध्ये बिल हील्ड यांनी दाखवले की गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढल्यास रोग तिथेच उलटण्याचे प्रमाण घटते. खरी कसोटी हीच. त्वचेवरील छेद दुय्यम.

३/ १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतातील ती पहिलीच वेळ. मात्र ओटीपोटाच्या अरुंद पोकळीत ते आवरण न फाडता काढणे हे निराळेच आव्हान.

४/ २०१५ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील दोन मोठ्या चाचण्यांना दुर्बीण खुल्या शस्त्रक्रियेच्या तोडीची आहे हे सिद्ध करता आले नाही. त्याआधी कोरियात, किरणोपचार घेतलेल्या वाढीव रोगाच्या ३४० रुग्णांत, तीन वर्षांच्या रोगमुक्त आयुष्यात फरक दिसला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकी चाचणीच्या पाठपुराव्यातही तो दिसला नाही.

५/ दुर्बिणीने रुग्णालयातील मुक्काम वाचतो तो साधारण एक दिवस. नांदेड-लातूरहून रात्रभर रेल्वेने परळचे टाटा रुग्णालय गाठणाऱ्याला तो एक दिवस अल्पच. सरावलेला हात लातुरात वा नांदेडातच मिळणे त्याहून मोलाचे. लातुरात विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून उभे आहे.