दिनविशेष : २६ जानेवारी १७७५
नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजी भोसल्यांनी हत्तीवरून गोळी झाडून भाऊ साबाजीला ठार केले आणि आपला अल्पवयीन मुलगा रघूजी यांची गादी निर्वेध झाली. गादी नागपूरची, पण आजच्या चांदूर रेल्वेसह वऱ्हाडात निजाम-भोसल्यांची दोअमली (दोघांचा अंमल) होती. या भाऊबंदकीचा वसूल कास्तकाराच्याच खळ्यावरून जायचा. मात्र रघूजींचा हक्क बंदुकीने ठरला, हे पटत नाही. मुधोजींचे भाऊ व आधीचे गादीधारक, निपुत्रिक जानोजींनी १७७२ मध्ये पेशव्यांच्या संमतीने या पुतण्याला वारस केले होते. साबाजींनाही जानोजींच्या पत्नी दर्याबाईंचा व पुण्याचा पाठिंबा होता, हा आक्षेप खरा. पण तो जानोजींच्या मृत्यूनंतरचा. शिवाय जिंकलेले मुधोजीही स्वतः गादीवर बसले नाहीत. १७८८ पर्यंत त्यांनी मुलाच्या नावानेच कारभार केला.