परवानगी कोणी कोणाकडे मागायची?

शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सतत फिरणारा वृक्षतोडीचा मजकूर वस्तुतः रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला, सुमारे १७१५ चा, आणि तोही आरमाराच्या प्रकरणातला.

जहाजांसाठी अरण्यातले सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणसही उपयोगी, पण त्यांस हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने पोटच्या पोरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. बळजबरी सर्वथा वर्ज्य. म्हणजे इथे संमती मागायची ती सरकारने, रयतेकडे!

महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात दिशा उलटली. शहरात स्वतःच्या अंगणातले झाड तोडायचे, तरी मालकानेच वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.