ग्रँड स्लॅम (टेनिस)

ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकण्याचा पराक्रम. ही संज्ञा ब्रिज या पत्त्यांच्या खेळातली. तेथे तेराही हात केले की ग्रँड स्लॅम होतो. हल्ली यांतल्या कोणत्याही एका स्पर्धेला ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात. मूळ अर्थ त्यात हरवतो.

१९३३ साली ऑस्ट्रेलियाच्या जॅक क्रॉफर्डने पहिल्या तीन स्पर्धा जिंकल्या. अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रेड पेरीविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढेही होता. पुढच्या दोन सेटमध्ये मिळून त्याच्या वाट्याला एकच गेम आला. पेरीने १९३५ पर्यंत चारही स्पर्धा जिंकल्या, पण वेगवेगळ्या वर्षांत. एकाच वर्षात हे साधणारा पहिला खेळाडू अमेरिकेचा डॉन बज (१९३८). वादळी पावसामुळे त्याचा शेवटचा सामना जवळजवळ आठवडाभर लांबला. समोर होता दुहेरीतला त्याचाच जोडीदार जीन माको. महिलांमध्ये हा मान प्रथम मॉरीन कॉनली हिला मिळाला (१९५३). ती तेव्हा अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी घोड्यावरून रपेट करताना झालेल्या अपघाताने तिचा खेळ संपला.

रॉड लेव्हर हा पराक्रम दोनदा करणारा एकमेव एकेरी खेळाडू : १९६२ मध्ये हौशी म्हणून आणि १९६९ मध्ये खुल्या स्पर्धांत. मधली पाच वर्षे व्यावसायिक असल्यामुळे त्याला या स्पर्धांची दारे बंद होती. १९७० मध्ये मार्गारेट कोर्टने चारही स्पर्धा जिंकल्या.

१९७४ पर्यंत चारपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत. म्हणून स्टेफी ग्राफचे १९८८ चे यश वेगळे मोजायला हवे : हार्ड कोर्ट, लाल माती आणि हिरवळ अशा तिन्ही पृष्ठभागांवर ती जिंकली, शिवाय सोल ऑलिंपिकचे सुवर्णपदकही मिळवले. त्यानंतर सेरेना विल्यम्स २०१५ मध्ये उपांत्य फेरीत, तर नोव्हाक जोकोविच २०२१ मध्ये अंतिम सामन्यात अडखळला. दोघांचीही शेवटची पायरी अमेरिकन स्पर्धाच होती.

भारतीयांचे यश दुहेरीतले आणि अनेक वर्षांत मिळून साधलेले आहे. लिअँडर पेस आणि महेश भूपती १९९९ मध्ये चारही अंतिम सामने खेळले. त्यांतले फ्रेंच व विम्बल्डन जिंकले. मिश्र दुहेरीत भूपतीने चारही स्पर्धांची विजेतेपदे २००६ पर्यंत पूर्ण केली. पेसने पुरुष दुहेरीत हे २०१२ मध्ये, तर मिश्र दुहेरीत २०१६ मध्ये साधले.