व्यायामाच्या जाहिरातीचे कूळ

व्यायामशाळेच्या जाहिरातीचा मजकूर आज देशभर जवळजवळ एकाच साच्यातून निघतो. जबलपुरात राइट टाउन, नेपियर टाउन किंवा सदर भागात सकाळच्या हिंदी वर्तमानपत्रातून एखादे रंगीत पत्रक बाहेर पडते. त्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, इतक्या दिवसांत इतके किलो अशी हमी, प्रशिक्षकाचे फुगवलेले दंड, पहिले काही दिवस मोफत आणि तळाशी सवलत संपत आल्याची घाई असते. हा सगळा ऐवज इंटरनेटच्या जमान्यातला वाटतो. प्रत्यक्षात त्यातली बहुतेक कलमे शंभर वर्षांहून जुनी आहेत. ती वेगवेगळ्या घरांतून आली, आणि त्यांतले एक घर सातारा भागातल्या औंध संस्थानात आहे.

सर्वांत जुने कलम आव्हानाचे. आखाड्याला जाहिरातीची गरज नव्हती. उस्तादाचे नाव आणि त्याच्या पठ्ठ्यांनी मारलेली मैदाने एवढी पुंजी पुरे होत असे. जाहिरात व्हायची ती कुस्त्यांची. आधी दवंडी, मग छापखाने आल्यावर भिंतीवरचे फलक. महाराष्ट्रात 'कुस्त्यांचे जंगी मैदान', तर नागपंचमीच्या सुमारास मध्य भारतात 'विशाल दंगल'. शब्द वेगळे असले तरी मजकुराचा क्रम एकच: आधी इनामाची रक्कम, मग जोडीतल्या पैलवानांची नावे, गाव आणि वस्ताद. ही लिहिण्याची रीत अस्सल होती. विशेषणे थोडी आणि नावे फार. दतिया संस्थानात वाढलेला गामा १९१० साली लंडनला गेला, तेव्हा त्याच्या नावानेही हाच मजकूर छापून आला: अर्ध्या तासात कोणतेही तीन मल्ल चीत करीन, ज्याला यायचे त्याने यावे. तिथल्या लोकांना ही भाषा नवी नव्हती, पण ती इतक्या मोजक्या शब्दांत क्वचितच कोणी वापरली असेल.

सर्कशीने या आव्हानात तमाशा मिसळला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस सुरू केल्यावर मराठी मुलखातून बरीच मंडळी या धंद्यात शिरली, आणि ताकदीचे खेळ हा तंबूतला हुकमी भाग झाला. छातीवरून हत्ती चालवणारे आणि साखळ्या तोडणारे राममूर्ती नायडू यांच्या नावामागे 'प्रोफेसर' लागे. व्यायामशिक्षकांनीही ती उपाधी उचलली. बडोद्याचे माणिकराव शेवटपर्यंत प्रोफेसर माणिकराव म्हणूनच ओळखले गेले. आजच्या पत्रकावर प्रशिक्षकाच्या नावापुढे येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या आद्याक्षरांची ही आजी म्हणायची.

मात्र दंगलीचा फलक प्रेक्षक बोलावतो. वाचकाला स्वतः घाम गाळायला लावायचे, आणि त्यासाठी पैसे मागायचे, हा वेगळा धंदा आहे. त्याला टपाल लागले. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले, आणि मुंबई-कलकत्ता टपाल या गावावरून जाऊ लागले. १८७७ मध्ये व्ही.पी.ची, म्हणजे पार्सल हाती घेताना पैसे चुकवण्याची, सोय झाली, १८८० मध्ये मनीऑर्डरची. आता गाव कोणतेही असो, विक्रेत्याचे तोंड न पाहता माणूस वस्तू मागवू शकत होता आणि पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवू शकत होता. मजकुराचे वजन त्यामुळे एकदम वाढले. दुकान नाही, गल्ल्यावरचा माणूस नाही, घासाघीस नाही. जे काही पटवायचे ते कागदावरच्या ओळींनी पटवायचे. शक्तिवर्धक गोळ्या, उंची वाढवण्याचे उपाय आणि घरबसल्या व्यायामाची पुस्तके एकाच स्तंभात शेजारी शेजारी छापली जाऊ लागली. हा शेजार व्यायामाला पुढे बराच काळ महागात पडला.

घरबसल्या व्यायामाचा मोठा व्यापारी युजेन सँडो. जन्म १८६७, प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा. आधी तो सर्कशीत आणि नाट्यगृहांत ताकद दाखवत असे. १८९३ मध्ये शिकागोत फ्लोरेन्झ झिगफेल्ड या चतुर व्यवस्थापकाने त्याच्या ताकदीपेक्षा त्याचे शरीर विकायला काढले. १८९७ मध्ये त्याने लंडनमध्ये संस्था उघडली, 'ताकद आणि ती कशी मिळवावी' या अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले आणि पुढच्या वर्षी मासिकही. पुस्तकात व्यायामाइतकीच जागा शिष्यांच्या पत्रांना आणि मापांना होती: छाती, दंड, मांडी, आरंभी किती आणि काही महिन्यांनी किती. वाचकाने स्वतःची मापे कागदावर भरून पाठवायची, आणि त्याच्यापुरता व्यायामक्रम टपालाने यायचा. हा तक्ता केवळ सोयीचा नव्हता. माप लिहून पाठवणारा माणूस आपले उणेपण स्वतःच्या हस्ताक्षरात कबूल करत असे, आणि पुढचे माप पाठवण्याची ओढ त्याला बांधून ठेवत असे. आजच्या जिममधला चरबी मोजणारा वजनकाटा हेच काम करतो.

सँडोची दुसरी युक्ती धीराची. मासिकाच्या पहिल्याच वर्षी, १८९८ मध्ये, त्याने शरीरसौष्ठव स्पर्धा जाहीर केली आणि अंतिम फेरी घेतली १४ सप्टेंबर १९०१ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल होते. मधली तीन वर्षे ठिकठिकाणच्या प्राथमिक फेऱ्यांची बातमी हीच जाहिरात. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात आला तोवर त्याचे नाव इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक होते. मराठी-हिंदी घरांतल्या सँडो बनियनमध्ये ते अजून टिकून आहे.

अमेरिकेने या मजकुरात लाज घातली. बर्नार मॅकफॅडन याने १८९९ मध्ये व्यायामाचे मासिक काढले आणि दुर्बलता हा गुन्हा असल्याचा घोष लावला. त्याच्याच स्पर्धेतून पुढे आलेल्या अँजेलो सिसिलियानोने चार्ल्स ॲटलस हे नाव घेतले. १९२९ च्या सुमारास चार्ल्स रोमन नावाचा जाहिरात-लेखक त्याचा भागीदार झाला. व्यायामपद्धतीचे भारदस्त नावही रोमनचेच. त्यांची चित्रमालिका जगभर गेली: समुद्रकिनाऱ्यावर काडीपैलवान तरुणाच्या तोंडावर दांडगा माणूस वाळू उडवतो, सोबतची मुलगी पाहत राहते, तरुण कूपन भरून पाठवतो आणि काही दिवसांनी हिशेब चुकता करतो. कूपनवर खुणेचा क्रमांक टाकला की कोणत्या मासिकातल्या कोणत्या चित्राने किती गिऱ्हाईक आणले ते कळे. कारागिरी म्हणून याला तोड नाही. पण व्यायाम कोणता करायचा याबद्दल त्या चित्रात एक अक्षर नाही. सगळा भर अपमानावर. आज पोटाच्या घेरावरून वाचकाला खजील करणारी पत्रके याच वंशातली.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, हे सँडोचे टपाली गिऱ्हाईक. १८९७ मध्ये, गादीवर येण्याच्या बारा वर्षे आधी, त्यांनी सँडोची पुस्तके आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. १९०८ मध्ये मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे आयुष्यभर तेच केले. १९०९ मध्ये राजे झाल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, व्याख्याने दिली आणि १९२० च्या दशकात नमस्कारांवर इंग्रजीतही पुस्तक लिहिले.

त्यांच्या लेखनाची बांधणी पाहिली की सँडोचे शिष्यत्व लपत नाही. स्वतःचा अनुभव, घरातल्या माणसांचे दाखले, फोटो, दररोजचा हिशेब, शंका आणि त्यांची उत्तरे असे सगळे जुने भांडे तिथे आहे. आतले धान्य मात्र वेगळे. साधने लागत नाहीत, खर्च नाही, सतरंजीएवढी जागा पुरते, बायका-मुलांना घरातच करता येते, एकच व्यायाम सर्वांगाला पुरतो, ही सारी कलमे खरे तर गिऱ्हाइकाच्या सबबींची यादी आहे. वेळ नाही, पैसा नाही, जागा नाही, लोक काय म्हणतील! राजेसाहेबांनी एकेक सबब हाती घेतली आणि मोडीत काढली. आणि मुख्य म्हणजे कृती सांगितली: दहा स्थिती, प्रत्येकीत हात कुठे, गुडघा कुठे, श्वास कधी घ्यायचा, कोणता मंत्र म्हणायचा. पुस्तक मिटले तरी वाचकाच्या हाती काही उरत असे. ज्याला विकायला काही नव्हते त्या माणसाने या धंद्यातला सर्वांत नेटका मजकूर लिहिला, हे थोडे गमतीचे आहे. अर्थात राजाच्या हाती सक्तीचा हुकूमही होता, आणि ती सोय जिमवाल्याला नसते. मंत्रांच्या उच्चाराने अमुक इंद्रियाला अमुक लाभ होतो असे त्यांचे दावेही आज पुराव्यावाचून कोणी छापू नयेत.

१९३६ मध्ये राजेसाहेब लंडनमध्ये असताना न्यूज क्रॉनिकल या पत्राच्या लुईझ मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेऊन लेख लिहिले. वाचकांची उत्सुकता इतकी, की १९३८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली लंडनमध्ये नवे पुस्तक निघाले. शीर्षकात सूर्य नाही, नमस्कार नाही. आरोग्याचा दहा कलमी मार्ग एवढेच. मॉर्गनबाईंनी ते प्रामुख्याने इंग्रज स्त्रियांसमोर ठेवले आणि दाखला पुढे केला तो औंधच्या राणीसाहेबांच्या तब्येतीचा. औंधात जे कर्तव्य होते ते लंडनमध्ये तारुण्य झाले. व्यायाम तोच ठेवून वाचकाप्रमाणे दर्शनी वाक्य बदलायचे, हे कसब मराठी व्यायामाच्या बाबतीत इतक्या स्पष्टपणे इथे प्रथम दिसते.

पुराव्याचे कलम लोणावळ्याहून आले. माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक. त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्यांची क्ष-किरण चित्रे काढली, पोटातला दाब मोजला. त्रैमासिकाचे विभागही वाचक ओळखून पाडले होते: शास्त्रज्ञांसाठी एक, अर्धे शास्त्र कळणाऱ्यांसाठी दुसरा, सामान्यांसाठी तिसरा. 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे शब्द आज कोणत्याही पावडरीच्या डब्यावर दिसतात. कुवलयानंदांनी मात्र आधी मोजले आणि मग लिहिले.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गोष्ट थोडी निराळी. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभारलेल्या या मंडळाचे आवाहन देशकार्याचे होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. वऱ्हाडचा कारभार १९०३ पासून मध्य प्रांताकडे होता, तेव्हा १९५६ पर्यंत अमरावती, नागपूर आणि जबलपूर एकाच कारभाराखाली होती. बलोपासनेचा शब्दसंग्रह या पट्ट्यात मराठी आणि हिंदी दोन्हींत जवळपास सारखा राहिला, त्यामागे हा शेजारही आहे.

जबलपूरची स्वतःची भर मिनिटांची आहे. ज्यांचे सुरुवातीचे आयुष्य या शहराशी जोडलेले होते ते महेश योगी १९५९ मध्ये अमेरिकेत पोचले. ध्यान त्यांनी एका आटोपशीर मापात मांडले: दिवसातून दोनदा, वीस मिनिटे, खुर्चीवर बसून, श्रद्धा असो वा नसो. १९७० मध्ये रॉबर्ट कीथ वॉलेस यांचा या ध्यानाच्या शारीरिक परिणामांवरचा लेख सायन्स या नियतकालिकात आला आणि संस्थेच्या पत्रकांत आलेख दिसू लागले. औंधच्या सबबी आणि लोणावळ्याचा पुरावा इथे घड्याळाला बांधले गेले. 'रोज फक्त वीस मिनिटे' हे वाक्य पुढे जगभरच्या व्यायामशाळांनी आपलेच असल्यासारखे वापरले.

टपाली स्तंभातल्या शेजाराला कायद्याने उशिरा हात घातला. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणा आहे, उंचीही आहे. पण तो औषधांना आणि गंड्यादोऱ्यांना लागू पडतो, जोर-बैठकांना नाही. १९८५ मध्ये जाहिरात मानक परिषद आली. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी 'मोफत' म्हणण्यावर आणि आमिषाच्या जाहिरातींवर अटी घातल्या, आणि खुलाशाची तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टायपात हवी असे ठरवले. मोठ्या अक्षरांत हिंदी हमी आणि मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, ही जुनी सोय त्यामुळे कागदोपत्री तरी बंद झाली.

जबलपुरात याच धंद्याची एक शाखा वेगळ्या भाषेत बोलते. छावणीचे शहर, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची केंद्रे, लष्करी भरतीचे विभागीय मुख्यालय. त्यामुळे फौज आणि पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्यांना इथे कायमचे गिऱ्हाईक. आकडे त्यांना शोधावे लागत नाहीत, भरतीच देते: १.६ किलोमीटर धाव, पुलअप, नऊ फुटांचा खंदक, छाती फुगवल्यावर पाच सेंटीमीटरची वाढ. अशा ठिकाणच्या फलकाला पोटाच्या फोटोंचे काम नसते. तिथे निवड झालेल्या मुलांचे फोटो लागतात, खाली नाव, गाव आणि वर्ष. दंगलीच्या फलकावरही साधारण एवढेच लिहिलेले असे.