रंग ठेवावा की टाकावा?

येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक रानात चुनखडी वेचतात. आज मोबाइलवर त्याचे फोटो ढिगाने निघतात. पण शंभर वर्षांनी इतिहासकाराला त्यांतून काय कळेल? ते फोटोच्या शैलीवर ठरणार, बरं का.

एकाच मुंबईकडे पाहणारे दोघे घेऊ. रघुवीर सिंग यांचं ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ १९९४ सालचं. रंगात पाहणं हीच भारतीय नजर, असं ते मानत. काचा, प्रतिबिंबं, गर्दी. एका चौकटीत चार घटना. तिथे शहर दिसतं. २०१६ साली पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांनी महापालिकेचे सफाई कामगार कृष्णधवल टिपले. रंग गेला की कचऱ्याची नक्षी होत नाही. नजर थेट माणसावर जाते. तिथे श्रम दिसतात.

मग खरं कोण? आम्ही म्हणू, दोघेही. पण दोघांनीही काहीतरी टाकलंय. काय टाकायचं, हा निर्णय म्हणजेच शैली. यात्रेत हळदीकुंकवाचे रंग जरूर टिपा. पण वाकून चुनखडी वेचणारे हातही टिपा. नाहीतर उद्या उत्सव तेवढा उरेल, माणसं पुसली जातील.